हॉलंडमधील एक जुनी पेठ

हॉलंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चित्रे उभी राहतात. पवनचक्क्या, ट्यूलिपच्या फुलांचे ताटवे, भरल्या कासेच्या गाई, आणि पाण्याच्या काठाने ओळीने उभी असलेली उंच, अरुंद घरे. शाळेच्या भूगोलात आपण वाचतो की या लोकांनी समुद्राशी झगडून जमीन मिळवली. ते खरेच आहे. पण जमीन मिळाली म्हणजे प्रत्येकाला राहायला चांगले घर मिळाले, असे होत नाही. त्या सुंदर घरांच्या मागच्या गल्ल्यांत माणसे कशी राहत होती, तिथला काळोख आणि ओल कशी हटली, आणि ती हटवताना काय हाती आले नि काय हातचे गेले, ही हकीकत भूगोलाच्या पुस्तकात सहसा येत नाही. आज तीच सांगायची आहे.

देशाचे खरे नाव नेदरलँड्स. हॉलंड हा त्याचा एक भाग. पण आपल्या बोलण्यात तेच नाव रुळले आहे. या देशाची राजधानी अॅमस्टरडॅम. शहराच्या मध्यभागाला पश्चिमेकडून लागून एक जुनी वस्ती आहे, तिचे नाव योर्दान. तिला पेठ म्हटले तर चुकणार नाही. कारागीर, मजूर, हातगाडीवाले, लहान दुकानदार यांचीच ती वस्ती होती, आणि तिथल्या माणसांना आपल्या पेठेचा अभिमानही तसाच होता.

ही पेठ वसली ती १६१२-१३ च्या सुमारास. त्या काळी अॅमस्टरडॅमचा व्यापार भरभराटीला आला होता. लोक येत होते, शहर पुरत नव्हते. तेव्हा नगराच्या कारभाऱ्यांनी शहर वाढवायला घेतले. श्रीमंत व्यापाऱ्यांसाठी रुंद कालवे नीट आखून खणले, त्यांच्या काठाने मोठे भूखंड पाडले. या कालव्यांपैकी सर्वांत बाहेरचा तो प्रिन्सेनग्राख्त. ग्राख्त म्हणजे शहरातला कालवा. या कालव्याच्या पलीकडे, गावकुसाच्या आतल्या बाजूला, जी जागा उरली तिथे कामकरी लोकांची सोय केली. तिथे मात्र नवी आखणी केली नाही. पूर्वी तिथे कुरणे होती. कुरणांतले पाणी वाहून नेणारे चर आणि त्यांच्या कडेच्या पायवाटा जशा होत्या तशाच ठेवल्या. चराचा झाला कालवा, पायवाटेची झाली गल्ली. भराव घालून जमीन उंच करण्याचा खर्चही टाळला. नकाशा उघडून पाहा. श्रीमंतांचे कालवे एका शिस्तीत वळलेले दिसतील, आणि योर्दानच्या गल्ल्या त्यांना तिरक्या येऊन भिडलेल्या दिसतील. शेतकऱ्याचा जुना बांध चारशे वर्षांनंतरही त्या शहराच्या अंगावर असा उमटलेला आहे.

गल्ल्यांना आणि कालव्यांना नावे मोठी गोड दिली होती. एक गुलाबाचा कालवा, एक लिलीची गल्ली. पण याच भागात कातडी कमावणाऱ्यांचे आणि रंगाऱ्यांचे धंदे होते. त्यांचे पाणी, घराघरांतला केरकचरा आणि मैला, सारे त्याच कालव्यांत जाई. नाव गुलाबाचे आणि वास दुसराच, अशी स्थिती होती.

आता ही घरे उभी कशी राहतात ते पाहू. कारण तिथल्या राहणीचे निम्मे प्रश्न जमिनीतूनच आलेले आहेत. अॅमस्टरडॅमच्या पायाखाली मुरूम नाही की कातळ नाही. वरचा थर नुसता कुजलेल्या वनस्पतींच्या मऊ मातीचा आणि चिखलाचा. घट्ट वाळू लागते ती सुमारे ११-१२ मीटरवर, म्हणजे पस्तीस-चाळीस फूट खाली. म्हणून तिथे घर बांधायचे तर आधी लाकडाचे लांब ओंडके जमिनीत उभे ठोकायचे आणि त्यांच्या डोक्यावर भिंती उभारायच्या. शहराच्या मध्यभागी जो राजवाडा आहे, तो अशा १३,६५९ ओंडक्यांवर उभा आहे. हा आकडा तिथली शाळेतली मुले एका युक्तीने लक्षात ठेवतात. वर्षाचे दिवस ३६५, त्यांच्या आधी १ आणि शेवटी ९.

तुम्ही म्हणाल, पाण्यात बुडालेले लाकूड कुजत कसे नाही? आपल्याकडे विहिरीच्या तळाशी जांभळाचे लाकूड घालतात, ते का टिकते ते आठवा. लाकूड सतत पाण्याखाली राहिले, त्याला हवा लागली नाही, तर कुजवणाऱ्या बुरशीचे तिथे काही चालत नाही. जमिनीतल्या पाण्याची पातळी खाली गेली आणि ओंडक्याचे डोके उघडे पडले, की मात्र कुजायला सुरुवात होते. मग भिंत खचते, चौकटी तिरप्या होतात, दारे लागत नाहीत. ज्याने बांधताना ओंडक्यांत काटकसर केली, त्याचे घर आधी कलते. आजही जुन्या घराचा पाया नवा करणे हे तिथे फार खर्चाचे काम आहे, आणि तो खर्च कोणी सोसायचा यावर मालक आणि भाडेकरू यांच्यात तंटे होतात.

घरे अरुंद, तेव्हा जिनेही अरुंद आणि शिडीसारखे उभे. त्या जिन्याने पलंग किंवा कपाट वर जाणे शक्यच नाही. म्हणून प्रत्येक घराच्या माथ्याशी एक तुळई पुढे आलेली असते, तिला आकडा असतो. दोर आणि कप्पी लावून सामान बाहेरून ओढायचे आणि खिडकीतून आत घ्यायचे. पुष्कळ घरांच्या दर्शनी भिंती मुद्दाम किंचित पुढे झुकलेल्या बांधल्या आहेत. वर जाणारे सामान भिंतीवर आपटू नये, हे त्याचे एक कारण.

हे झाले बाहेरचे. आता आत चला.

एकोणिसाव्या शतकात अॅमस्टरडॅमची लोकसंख्या पुन्हा झपाट्याने वाढली. गावाकडून कामधंद्यासाठी माणसे आली. शहराबाहेर नवी घरे अजून पुरेशी झाली नव्हती, आणि गरिबाला कामाच्या जवळच राहावे लागते. मग योर्दानमधल्या एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात मजल्यामजल्याला वेगळे कुटुंब आले. पुढे खोलीखोलीला वेगळे आले. आपल्याकडच्या चाळीत एका खोलीत संसार चालतो, तसाच. फरक इतकाच की चाळीला निदान गॅलरी असते. इथे पुढची खोली रस्त्याकडे उघडे, मागच्या खोलीला उजेड जवळजवळ नाहीच. भिंतीत कपाटासारखा कोनाडा करून त्यात बिछाना घातलेला असे. दार लावले की कपाट, उघडले की झोपण्याची जागा. थंडीच्या देशात ऊब राहावी म्हणून ही सोय, पण एका कोनाड्यात तीन-तीन मुले झोपवायची म्हटल्यावर तिथली हवा कशी राहणार?

याहून वाईट गत तळघरांची. मुळात ती माल ठेवण्यासाठी केलेली. त्यांचीही बिऱ्हाडे झाली. जमीन आधीच सखल, शेजारी कालवा. पाणी वाढले की भिंतीतून पाझरे, फरशीवर येई. आणि घरामागे जे थोडे अंगण होते, त्यातही मालकांनी खोल्या उठवल्या. या मागच्या घरांकडे जायला दोन भिंतींमधून बोळ असे. समोरासमोर माणसे आली तर एकाने भिंतीला चिकटून उभे राहायचे, इतका अरुंद. इसवी सन १९०० च्या सुमारास या एका पेठेत ८०,००० च्या आसपास माणसे राहत होती. पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत जायला अर्धा तासही लागत नाही, हे ध्यानात घ्या म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळेल.

पाण्याचे हाल तर विचारू नका. कालव्यांचे पाणी पिण्याजोगे नव्हते. पावसाचे पाणी टाकीत साठवायचे, नाहीतर फेख्त नदीतून होड्यांनी आणलेले पाणी विकत घ्यायचे. पटकीच्या साथी येत आणि दाट वस्तीत माणसे पटापट मरत. १८५३ साली एका कंपनीने समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये जिरलेले गोडे पाणी नळाने शहरापर्यंत आणले. योर्दानपासून जवळच असलेल्या शहराच्या एका वेशीपाशी ते एक सेंटला एक बादली या दराने मिळू लागले. घरात नळ पुष्कळ उशिरा आले. मैला बादल्यांत साठवायचा आणि ठराविक वेळी येणाऱ्या गाडीत ओतायचा. या गाडीला लोकांनी नाव दिले होते ‘बोल्डोट गाडी’. बोल्डोट ही तिथली अत्तरे करणारी नामांकित कंपनी! गरिबाची थट्टा करण्याची रीत सगळ्या देशांत सारखीच असते. विसाव्या शतकातही काही वर्षे ही गाडी योर्दानच्या गल्ल्यांतून फिरत होती.

कालवे घाण झाले म्हणून नगरपालिकेने त्यांतले काही बुजवायला सुरुवात केली. झेंडूच्या जातीच्या एका फुलाचे नाव असलेला कालवा १८५७ मध्ये बुजला, कार्नेशनचा १८६१ मध्ये, गुलाबाचा १८८९ मध्ये, आणि लिंडेन वृक्षाच्या नावाचा १८९५ मध्ये. त्यांच्या जागी रुंद रस्ते आले, दुर्गंधी कमी झाली. पण बोळातल्या मागच्या खोलीत राहणाऱ्या बाईला त्याने काय मिळाले? तिच्या खोलीला खिडकी नव्हती, ती तशीच राहिली. रस्ता सुधारणे वेगळे आणि घर सुधारणे वेगळे.

याच पेठेत १८७९ साली जोडे करणाऱ्या एका कारागिराच्या घरी थेओ टाइसेन यांचा जन्म झाला. पुढे ते प्राथमिक शिक्षक झाले, शिक्षकांच्या चळवळीत वावरले, पार्लमेंटात निवडून गेले, आणि मोठे लेखक म्हणून गाजले. साध्या घरातल्या केस नावाच्या एका मुलावर त्यांनी लिहिलेली कादंबरी, १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आलेली, डच लोक अजून प्रेमाने वाचतात. त्यांचे जन्मघर आज त्यांच्या नावाचे छोटेसे संग्रहालय आहे. शिक्षक बंधुभगिनींना हे मुद्दाम सांगितले. अशा गल्लीतून असा शिक्षक निघाला, याचे कौतुक करावे. पण किती मुले तिथून निघू शकली नाहीत, तेही विसरू नये.

घर सुधारण्याचा पहिला चांगला प्रयत्न योर्दानमध्ये झाला तो काही सुजाण माणसांच्या हातून, आणि त्यांत बायका पुढे होत्या. हेलेना मर्सिए या विदुषीच्या पुढाकाराने १८९२ मध्ये योर्दानमध्ये ‘आमचे घर’ या अर्थाच्या नावाचे एक लोककेंद्र उघडले. तिथे कामगारांसाठी वर्ग, वाचन, व्याख्याने चालत. पुढे काही वर्षांतच जुनी घरे घेऊन दुरुस्त करणारी आणि नवी बांधणारी एक संस्था निघाली. तिच्या कामात योहाना टेर म्यूलेन या बाई होत्या. लंडनच्या ऑक्टेव्हिया हिल यांची पद्धत त्यांनी उचलली होती. ती अशी की भाडे वसूल करायला एक शिकलेली बाई दर आठवड्याला स्वतः घरोघर जाई. भाडे घेताना छत गळते का, मोरी तुंबली का, मूल आजारी आहे का, हेही पाही, आणि दुरुस्ती करून घेई. भाडे वेळेवर येई आणि घरही नीट राही. यात थोडी मास्तरकी होती, गरिबाला वळण लावण्याची भाषा होती, हे खरे. पण मालकाचा माणूस दुरुस्तीची विचारपूस करतो, हाच तिथल्या भाडेकरूंना नवा अनुभव होता.

अशा संस्थांनी किती घरे होणार? शेवटी सरकारला हात घालावा लागला. १९०१ मध्ये नेदरलँड्सच्या पार्लमेंटाने गृहनिर्माणाचा कायदा केला. तो नीट समजून घेण्याजोगा आहे, कारण त्यात तीन गोष्टी एकत्र गुंफल्या होत्या.

पहिली गोष्ट, प्रत्येक नगरपालिकेने आणि ग्रामपालिकेने बांधकामाचे नियम केलेच पाहिजेत. खोलीला उजेड किती, हवा किती, पाणी कुठून, शौचकूप कुठे, हे नियमाने ठरले. दुसरी गोष्ट, राहण्यास अयोग्य असलेले घर बंद करण्याचा अधिकार नगरपालिकेला मिळाला. अशा घराच्या दारावर ‘राहण्यास अयोग्य’ अशी लहानशी पाटी लागे. तिसरी गोष्ट, नफा न काढता घरे बांधणाऱ्या संस्थांना सरकारने कमी व्याजाने, दीर्घ मुदतीचे कर्ज द्यायचे.

पहिल्या दोन गोष्टी पुष्कळ ठिकाणी असतात. खरी मेख तिसरीत आहे. नुसते घर बंद केले तर आतले कुटुंब कुठे जाणार? ते शेजारच्या आणखी वाईट खोलीत जाईल, आणि तिथे दाटी आणखी वाढेल. म्हणून तपासनीसही पाटी लावायला कचरतो. पाटी लावण्याआधी दुसरे घर तयार पाहिजे, आणि त्यासाठी पैसा पाहिजे. या कर्जातून अॅमस्टरडॅममध्ये पहिली घरे १९०९ मध्ये झाली. ती बांधणारी संस्था ट्राम कामगारांनी काढलेली होती आणि तिचे नाव होते रॉचडेल. सहकारी सोसायटीचे काम पाहणाऱ्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. इंग्लंडमधल्या ज्या गावात विणकरांनी सहकारी दुकान काढले, त्या गावाचेच हे नाव. पुढे १९२० च्या सुमारास योर्दानच्या वायव्येला कामगारांसाठी इतक्या देखण्या इमारती झाल्या की त्या पाहायला आज परदेशांतून माणसे येतात.

तरी योर्दान लगेच पालटले नाही. नव्या घरांचे भाडे जास्त. हातावर पोट असणाऱ्याला ते परवडेना. मंदीच्या काळात, १९३४ च्या जुलैमध्ये, सरकारने बेकारांची मदत कमी केली, तेव्हा योर्दानमध्ये दंगल उसळली. लोकांनी रस्त्यातले दगड उखडून अडथळे रचले. गोळीबारात माणसे मेली. नंतर सरकारने गल्ल्यांतले दगडच काढून डांबर घातले. घराचे भाडे आणि पोटाची भाकरी यांचा संबंध असा जवळचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर देशात घरांची भयंकर टंचाई पडली. ‘राहण्यास अयोग्य’ पाटीच्या घरांतही माणसे राहतच होती. मग नगररचनाकारांनी विचार केला की ही जुनी वस्ती बरीचशी पाडावी, रुंद रस्ते काढावेत, मोठ्या इमारती बांधाव्यात. कागदावर हे सोपे दिसत होते. पण याच काळात दुसराही विचार जोर धरू लागला होता. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने पडायला आलेली जुनी घरे विकत घेऊन दुरुस्त करायला आणि भाड्याने द्यायला सुरुवात केली. कोपऱ्यावरची घरे ती आधी घेई. कोपरा सावरला की मधली ओळही सावरते, हा तिचा हिशेब. आणि रहिवासीही बोलू लागले, ‘घर सुधारा, पण आम्हाला इथून हलवू नका.’

वाद टोकाला गेला तो शहराच्या पूर्वेकडच्या न्यूमार्क्ट भागात. तिथे जमिनीखालच्या रेल्वेसाठी घरे पाडायची होती. १९७५ च्या मार्चमध्ये रहिवासी आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. ती रेल्वे पुरी झाली. पण आखलेल्या पुढच्या मार्गांचा बेत नगरपालिकेने सोडला, आणि पाडलेल्या जागी जुन्या रस्त्याच्या रेषेवरच नवी घरे बांधली. या काळातले एक नाव सांगण्यासारखे आहे, यान स्खाफर. धंद्याने केक-बिस्किटे भाजणारा बेकरीवाला. आपल्या जुन्या वस्तीच्या घरांसाठी भांडता भांडता तो पुढारी झाला, १९७३ ते १९७७ या काळात केंद्र सरकारात राज्यमंत्री झाला, आणि १९७८ पासून अॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेत घरांचे खाते सांभाळू लागला. जिथले लोक तिथेच, परवडेल अशा भाड्याच्या घरांत, हे त्याचे धोरण. योर्दानमध्येही मग पाडापाडीऐवजी दुरुस्ती झाली. दोन लहान बिऱ्हाडे जोडून एक केले, न्हाणीघरे आली, आणि रिकाम्या जागांत जुन्या ओळीला शोभतील अशी नवी घरे उठली.

आज योर्दानमध्ये सुमारे २०,००० माणसे राहतात. ८०,००० चे २०,००० झाले याचे दुःख मानण्याचे कारण नाही; ती दाटी जायलाच हवी होती. पण गेले कोण आणि राहिले कोण, हे पाहिले पाहिजे. पुष्कळ जुनी कुटुंबे पुर्मरेंड, आल्मेर अशा नव्या गावांत गेली. काही आपणहून गेली, मोठे घर आणि दारापुढे बाग मिळाली म्हणून. काहींच्या मुलांना पेठेत जागाच परवडली नाही. पूर्वी ज्या घरात मोळी विकणारा राहत होता, त्या घराला आता वकील आणि डॉक्टर अफाट किंमत देतात. जे घर पाडायला निघाले होते तेच आता चैनीची वस्तू झाले आहे.

सगळीच घरे बाजारात गेली नाहीत, हे मात्र त्या जुन्या कायद्याचे पुण्य. नफा न काढणाऱ्या गृहसंस्थांच्या मालकीची घरे योर्दानमध्ये अजून आहेत. अशा घराच्या भाड्याला गुण देण्याची पद्धत आहे. खोली किती चौरस मीटर, न्हाणीघर कसे, ऊब राखण्याची सोय कशी, अशा बाबींना गुण देतात आणि त्यांवरून भाड्याची कमाल मर्यादा ठरते. तंटा झाला तर भाडे-समितीकडे दाद मागता येते. पण मागणी इतकी मोठी की अॅमस्टरडॅममध्ये असे घर मिळायला दहा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते.

शिक्षकांना यातून एक चांगला पाठ घेता येईल. मुलांना आपापल्या घराची खोली मोजायला सांगा. लांबी, रुंदी, खिडकीचे माप, झोपणारी माणसे, पाणी किती पावलांवर. गणित होईल, आरोग्य होईल आणि नागरिकशास्त्रही होईल. मात्र कोणाचे घर लहान, कोणाचे मोठे, हे वर्गात मोठ्याने वाचू नका. प्रत्येकाने आपला आकडा आपल्या वहीत ठेवावा, आणि एका माणसाला किती जागा, किती उजेड लागतो, यावर सर्वांनी मिळून बोलावे.

वस्ती सुधारायला निघताना दोन प्रश्न आधी विचारावेत, हे योर्दानने शिकवले. हे घर बंद केले तर यातले कुटुंब उद्या रात्री कुठे झोपेल? आणि घर चांगले झाल्यावर त्याच कुटुंबाला त्याचे भाडे देता येईल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर डच लोकांनी कायद्याने आणि कर्जाने बरेचसे दिले. दुसऱ्याचे उत्तर ते अजून शोधत आहेत.